एंडोस्कोपी शिकणाऱ्या नवीन पोरांना मोबाईलवर काय शिकवायचं, कसं शिकवायचं

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क कुठंही बघा, एंडोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी, म्हणजे स्कोप, आत घालून अन्ननलिका, पोट, आतडं बघणं) करणारं हॉस्पिटल आता जवळच सापडतं, सीपीआरचं सरकारी हॉस्पिटल आहे, कदमवाडीला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, आणि त्यामुळं शिकणारेही वाढलेत. मेडिसिन-सर्जरीचे रेसिडेंट, नुकतीच प्रॅक्टिस टाकलेले सर्जन, नवीन लागलेल्या सिस्टर, टेक्निशियन. शिकवायची पद्धत मात्र बऱ्याच ठिकाणी अजून तीच आहे, सरांच्या मागं उभं राहून स्क्रीनकडं बघायचं, सर घाईत असतात, बाहेर गडहिंग्लज-आजऱ्याहून आलेले पेशंट ताटकळत बसलेले, मग कधीतरी एखाद्या दिवशी स्कोप हातात मिळतो आणि त्या पोराला एकाच वेळी व्हील, बटन, पेशंटची घुसमट, स्क्रीनवरचं लाल-गुलाबी चित्र आणि सरांचा आवाज हे सगळं सांभाळायला लागतं. एवढं एकदम कुणालाच झेपत नाही.

माझं सरळ म्हणणं आहे की पेशंटच्या घशात स्कोप असताना फक्त तेवढंच शिकवा जे दुसरीकडं कुठंच शिकता येत नाही, बाकी सगळं आधी स्क्रीनवर उरकून घ्या. ई-लर्निंग म्हटलं की लोकांना वाटतं मोठं सॉफ्टवेअर, मोठा खर्च, तसं काही नाही. एक लॅपटॉप, एक कॅप्चर कार्ड (स्कोपचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं यंत्र) आणि शिकवायची तळमळ असेल तर वीस खाटांच्या हॉस्पिटलमध्येही हे जमतं. कसं करायचं ते लिहितो.

आधी वाटणी करा

कागद घ्या आणि तीन भाग पाडा. डोळ्यानं शिकायच्या गोष्टी म्हणजे अन्ननलिकेपासून ड्युओडेनमपर्यंत (लहान आतड्याचा पहिला भाग) कुठं काय दिसतं, नॉर्मल काय, बिघडलेलं काय. डोक्यानं शिकायच्या म्हणजे कुणाला स्कोपी करायची, कुणाला थांबवायचं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काय, बेशुद्धीचं औषध किती, संमती कशी घ्यायची. आणि हातानं शिकायच्या म्हणजे टॉर्क (स्कोपची नळी पिळून फिरवणं), रेझिस्टन्स जाणवणं, कोलनमध्ये (मोठ्या आतड्यात) स्कोपचा लूप, म्हणजे वेटोळं, पडतोय हे हाताला कळणं. पहिले दोन भाग जवळजवळ पूर्ण ऑनलाइन होतात. तिसरा होत नाही, आणि तो व्हिडिओ बघून होईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. अमेरिकेच्या एएसजीई या संघटनेनं सांगितलेले आकडे बघा, गॅस्ट्रोस्कोपीच्या (तोंडातून पोटापर्यंत) किमान १३० आणि कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या) किमान २७५ प्रोसिजर झाल्यावरच माणूस तयार झालाय का हे तपासायला घ्यायचं, म्हणजे तेवढ्या केल्या की पास असंही नाही. हाताचं काम हातानंच होतं, पण त्या केसेस वाया न घालवणं आपल्या हातात आहे.

पहिला धडा यंत्राचा

बहुतेक जण पहिला धडा आजारांचा करतात, मला ते पटत नाही. ज्याला स्कोपच्या मुठीवरचं मोठं व्हील कुठलं आणि लहान कुठलं हे विचार केल्याशिवाय सांगता येत नाही त्याला अल्सर दाखवून उपयोग काय. मोठं व्हील अंगठ्यानं खाली ओढलं की टोक वर जातं, वर ढकललं की खाली, लहान व्हीलनं डावीकडं-उजवीकडं. नेहमीच्या गॅस्ट्रोस्कोपचं टोक वरच्या दिशेला २१० अंश वळतं, खाली ९०, दोन्ही बाजूंना १०० च्या आसपास, आणि हे असंच का तर पोटात जाऊन मागं वळून फंडस (पोटाचा वरचा घुमट) बघायचा असतो म्हणून. निळ्या बटनावर नुसतं बोट ठेवलं तर हवा, दाबलं तर पाणी येऊन लेन्स धुतली जाते, लाल बटन सक्शनचं. बायोप्सी फोर्सेप्स (तपासायला तुकडा घ्यायचा चिमटा) बहुतेक गॅस्ट्रोस्कोपमध्ये चित्राच्या साधारण ७ वाजल्याच्या बाजूनं आत येतो, त्यामुळं लेजन (बिघडलेली जागा) त्या बाजूला आणून ठेवायला लागतं. एवढं सगळं स्कोप टेबलवर ठेवून मोबाईलनं शूट करता येतं.

पण खरी ताकद कशात आहे तर एकाच स्क्रीनवर दोन चित्रं दाखवण्यात. एका बाजूला स्कोपचं चित्र, दुसऱ्या बाजूला तुमच्या डाव्या हाताचा व्हिडिओ, म्हणजे अंगठा हलला की चित्र कसं हललं हे पोराला एकत्र दिसतं. मागं उभं राहून हे कधीच दिसत नाही कारण सरांचा हात सरांच्या पोटाशी असतो आणि सगळ्यांच्या नजरा मॉनिटरवर. यासाठी प्रोसेसरच्या (स्कोपचं चित्र मॉनिटरवर पाठवणाऱ्या पेटीच्या) मागच्या आउटपुटला कॅप्चर कार्ड लावा, ते लॅपटॉपला जोडा, मोबाईल स्टँडवर लावून हातावर रोखा, आणि ओबीएस स्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी रेकॉर्ड करतं. जुन्या प्रोसेसरला एचडीएमआय नसतं, त्याला कन्व्हर्टर लागेल, कार्ड मागवायच्या आधी मागचं सॉकेट कुठलं आहे त्याचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

रस्ता पाठ करून घेणे

दुसरा धडा रस्त्याचा. पुढच्या दातांपासून साधारण १५ सेंटीमीटरला क्रिकोफॅरिंक्स (अन्ननलिकेचं तोंड), ४० च्या आसपास अन्ननलिका संपून पोट सुरू, मग बॉडी (पोटाचा मधला मोठा भाग), इन्सिसुरा (पोटाच्या आतल्या बाजूची घडी), अँट्रम (पोटाचा शेवटचा भाग), पायलोरस (पोटाचं खालचं दार), बल्ब (ड्युओडेनमची सुरुवात) आणि तिथून वळण घेऊन ड्युओडेनमचा दुसरा भाग. हे वळण नवीन पोरांचं कायम अडतं. उजवीकडं, वर, क्लॉकवाइज टॉर्क आणि मग स्कोप थोडा मागं ओढायचा, मागं ओढला की टोक पुढं जातं, हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून स्क्रीनवर पोटाचं चित्र काढून, स्कोपचा मोठा बाक कसा सरळ होतो ते दाखवून समजवायला लागतं. चालू केसमध्ये हे समजवत बसलात तर पेशंटचे हाल होतात.

व्हिडिओ पाच ते सात मिनिटांचा ठेवा. मध्ये थांबवून प्रश्न टाका. बल्बमध्ये स्क्रीन थांबली, आता कुठलं व्हील? सगळं लाल झालंय, काहीच दिसत नाही, आता काय करायचं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ढकलायचं नाही, मागं यायचं, थोडी हवा द्यायची, पोकळी दिसली की मगच पुढं. ही सवय पहिल्याच आठवड्यात पक्की झाली पाहिजे कारण परफोरेशन (आतून भोक पडणं) टाळायची सुरुवात इथूनच होते.

आणि एक कळकळीची गोष्ट, फक्त सफाईदार व्हिडिओ दाखवू नका. मोठ्या कॉन्फरन्सच्या लाइव्ह वर्कशॉपमध्ये उस्तादांचा हात असा चालतो की अवघड काही आहे असं वाटतच नाही, ते बघायला छान असतं, पण नवशिक्याला अडखळलेली केस बघायची गरज असते. स्कोप पोटातच गोल फिरतोय, पायलोरस सापडत नाही, लेन्सला फेस लागलाय, पेशंट ओकारी काढतोय, असे तुकडे मुद्दाम जपून ठेवा आणि त्यावर बोला.

फोटोंची शिस्तही इथंच लावा. युरोपची ईएसजीई ही एंडोस्कोपीची संघटना म्हणते की पहिल्यांदा होणाऱ्या डायग्नोस्टिक गॅस्ट्रोस्कोपीला आत जाऊन बाहेर येईपर्यंत किमान ७ मिनिटं द्या आणि किमान १० फोटो ठेवा. जपानच्या फुकुओकाचे केन्शी याओ यांची पोटाची २२ फोटोंची पद्धत आहे, सरळ बघत अँट्रम, खालची बॉडी, वरची बॉडी चारी बाजूंनी आणि मग मागं वळून उरलेलं, म्हणजे पोटाचा एकही कोपरा सुटत नाही. ही जागांची यादी मराठीत लिहून पोरांच्या मोबाईलवर द्या, आणि एका केसचे फोटो उलटसुलट मिसळून त्यांना क्रमानं लावायला सांगा. गूगल फॉर्मवर हे होतं.

ओळखायला शिकवणं, म्हणजे केस बँक

इथं जास्त वेळ द्या, इथंच ई-लर्निंगचा सगळ्यात जास्त फायदा मिळतो. याओ यांच्याच गटानं पोटाचा कॅन्सर लवकर ओळखण्यासाठी वेबवर कोर्स केला होता, त्याचा अभ्यास २०१६ ला प्रसिद्ध झाला. व्हिडिओ लेक्चर आणि स्वतः सोडवायच्या केसेस असं त्याचं रूप होतं, ३३२ एंडोस्कोपिस्ट दोन गटांत वाटले, आणि कोर्स केलेल्यांचे मार्क दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त सुधारले. कोल्हापूरच्या होस्टेलवर बसलेला पोरगा जपानच्या पद्धतीनं पोट बघायला शिकू शकतो, याहून चांगली गोष्ट काय असणार.

आपली बँक आपल्याच केसेसची करा. सुरुवात भरपूर नॉर्मलनं करा, वेगवेगळ्या माणसांची नॉर्मल पोटं, नॉर्मल झेड-लाइन (अन्ननलिका आणि पोट यांच्यामधली रेषा), लाळ-फेस असलेली अन्ननलिका. प्रत्येक क्लिपमध्ये आजार असेल तर पोरं काहीही दिसलं की आजार म्हणायला लागतात, आणि खऱ्या ओपीडीत तर बहुतांश स्कोपी साध्याच निघतात. मग हळूहळू मिसळा. रक्तस्रावाच्या अल्सरला फॉरेस्टचं वर्गीकरण, १९७४ पासून चालत आलंय, वन ए म्हणजे पिचकारी, वन बी झिरपणारं, टू ए उघडी रक्तवाहिनी, टू बी चिकटलेली गाठ, टू सी काळा डाग, थ्री स्वच्छ तळ. रिफ्लक्सला (ॲसिड वर येऊन अन्ननलिकेला होणाऱ्या जखमांना) लॉस एंजेलिसचं वर्गीकरण, ए ते डी. प्रत्येक क्लिपनंतर उत्तर लगेच आलं पाहिजे, आणि उत्तरात कारणही पाहिजे, टू ए का म्हटलं आणि टू सी का नाही, नाहीतर पोरं अंदाजानं टिक करत बसतात.

आपल्या भागाचे आजार विसरू नका. तंबाखू-मिश्रीवाल्यांची अन्ननलिका, गुडघ्यासाठी मेडिकलमधून वर्षानुवर्षं पेनकिलर घेणाऱ्या शेतकरी मावशींचे अल्सर, दारूच्या लिव्हरचे व्हेरिसेस (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा), ॲसिड प्यालेल्या केसेस. आणि मटणाचं हाड! कवळी असलेले आजोबा, घरात जत्रेचं जेवण, आणि रात्री हाड किंवा मटणाचा तुकडा अडकला म्हणून फोन, हे कोल्हापुरात कुठल्याही एंडोस्कोपिस्टला नवीन नाही. यावर निर्णयांचा धडा करा, प्रत्येक पायरीला प्रश्न. लाळ तरी गिळता येते का? येत नसेल तर पूर्ण अडलंय, टोकदार हाड किंवा लहान मुलाच्या अन्ननलिकेत बटन बॅटरी असेल तरी तसंच, शक्यतो २ तासांत आणि उशिरात उशिरा ६ तासांत काढायचं. बाकी अन्ननलिकेतल्या बहुतेक गोष्टींना २४ तासांच्या आत. मानेत हवा भरल्यासारखी चरचर लागतेय का, ताप-छातीत दुखतंय का, तसं असेल तर आधी सीटी. एक्स-रेसाठी बेरियम पाजायचं का? नाही, श्वासनलिकेत जायचा धोका आणि स्कोपला काही दिसत नाही. चुकीचं उत्तर दिलं की पुढं काय होईल ते दाखवा, ओरडा खाण्यापेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

पेशंटशी बोलणं

हे कुठल्याच परदेशी कोर्समध्ये मिळणार नाही, ते आपणच करायचं. इंग्रजी संमतीपत्रावर सही घेणं वेगळं आणि चंदगडहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या, घाबरलेल्या माणसाला समजावणं वेगळं. प्रत्येक ट्रेनीला सांगा की मोबाईलवर दोन मिनिटांचा स्वतःचा व्हिडिओ करून पाठव, समोर मावशी बसल्यात असं समजून बोल. ‘मावशी, नळी खाण्याच्या वाटेनं जाणार हाय, श्वासाच्या नाही, तुमचा श्वास चालूच राहणार, नाकानं सावकाश घ्या. घशात कडू औषध मारणार, घसा जड होईल, घाबरू नका. लाळ आली तर गिळू नका, गालातनं बाहेर सोडा.’ असं बोलता आलं पाहिजे. उपाशी आहात का हे विचारून भागत नाही, ‘सकाळपासून चहा घेतलाय का’ असं विचारायचं, कारण चहा म्हणजे काही खाल्लं असं आपल्याकडं कुणी धरत नाही. आणि दुधाचा चहा पाण्यासारखा धरता येत नाही, पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, दुधाला ६ तास. घसा बधिर आहे तोवर खायला द्यायचं नाही हेही सांगायला शिकवा.

हे व्हिडिओ सिस्टरांना तपासायला द्या. पेशंटला काय कळतं, काय नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

स्कोप धुण्याचा धडा

थोडक्यात पण सक्तीनं. बाहेर काढल्या काढल्या पुसणं आणि डिटर्जंट ओढणं, लीक टेस्ट, मग सगळ्या चॅनेलमधून ब्रश, धुणं, डिसइन्फेक्टंट, परत धुणं, अल्कोहोल आणि हवा मारून सुकवणं, कपाटात उभा टांगणं. २ टक्के ग्लुटारल्डिहाइड वापरत असाल तर २० मिनिटं म्हणजे २० मिनिटं, गर्दी आहे म्हणून १० नाही. आणि ब्रशनं घासल्याशिवाय औषधात बुडवला तर आत राहिलेला मळ तिथंच चिकटून बसतो. हा व्हिडिओ तुमच्याच धुण्याच्या खोलीत, तुमच्याच टेक्निशियनकडून, साध्या मराठीत करून घ्या आणि त्याचा क्यूआर कोड सिंकच्या वर चिकटवा. डॉक्टर ट्रेनींनाही हा धडा पास करायला लावा, त्यांना सूट नको.

व्हिडिओ कुठं ठेवायचे, आणि पेशंटची ओळख

गूगल क्लासरूम पुरेसं आहे, कॉलेज असेल तर मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) लावा. व्हॉट्सॲप फक्त आठवण करून द्यायला, केसचे व्हिडिओ त्यावर अजिबात नको, एकदा फॉरवर्ड झालं की ते कुठं जाईल सांगता येत नाही. रेकॉर्डिंगची संमती वेगळी घ्या, स्कोपीच्या संमतीत ती धरू नका. प्रोसेसरच्या स्क्रीनवर नाव, वय, नंबर येतो तो झाका. स्कोप तोंडाबाहेर असताना चेहरा रेकॉर्ड होतो, आत गेल्यावर सुरू करा आणि बाहेर यायच्या आधी बंद करा. आवाज तर काढूनच टाका आणि नंतर स्वतःच्या आवाजात समजावून भरा, कारण खोलीत कुणीतरी ‘पाटील काका, झालं हं’ म्हणतंच आणि आपल्या गावात तेवढ्यावरून घर ओळखतात. २०२३ पासून वैयक्तिक डेटाचा कायदाही आलाय, पण कायदा नसता तरी हे पाळायलाच हवं होतं.

फाइल लहान ठेवा, डाउनलोड करता येईल अशी. गगनबावड्याकडच्या आरोग्य केंद्रात ड्युटी लागलेल्या पोराला रेंज मिळेलच असं नाही. भाषा म्हणाल तर जशी आपण राउंडला बोलतो तशी, मराठी वाक्य आणि मेडिकल शब्द इंग्रजी.

स्कोप कधी हातात द्यायचा

एक अट घाला. न पाहिलेला, आवाज नसलेला एक पूर्ण स्कोपीचा व्हिडिओ लावा आणि ट्रेनीला मोठ्यानं बोलायला सांगा, आता कुठं आहोत, काय दिसतंय, पुढं कुठलं व्हील, कुठं फोटो. जो अडखळत का होईना पण चुकीच्या वाटेला न जाता शेवटपर्यंत बोलतो तो तयार. एमसीक्यूपेक्षा ही परीक्षा मला कितीतरी जास्त भरवशाची वाटते, कारण टिक मारून यात निभावता येत नाही. आणि प्रश्न एकदाच विचारून सोडू नका, तेच प्रश्न आठवड्यानं परत, मग तीन आठवड्यांनी परत टाका, नाहीतर परीक्षेपुरतं राहतं.

मधल्या टप्प्याला सिम्युलेटर मिळाला तर उत्तम. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही व्हर्च्युअल सिम्युलेटरचा सुरुवातीला उपयोग होतो असंच दिसलं, पण नेहमीच्या शिकवणीची जागा तो घेऊ शकतो एवढा पुरावा नाही असंही त्यात म्हटलंय. त्याची किंमत आपल्या लहान युनिटला परवडणारी नाही, तेव्हा पुठ्ठ्याचा खोका घ्या, आत चारी भिंतींवर आकडे चिकटवा, भोकातून स्कोप घाला आणि आकडे क्रमानं स्क्रीनच्या मध्यभागी आणायला सांगा. डावा हात व्हीलवर, उजवा शाफ्टवर. जनावराच्या पोटावर सराव करणार असाल तर तो स्कोप कायमचा वेगळा ठेवा, पेशंटला परत वापरायचा नाही.

पहिल्या केसेसमध्ये आत तुम्ही जा आणि बाहेर येताना त्याला द्या, बघणं आणि फोटो काढणं त्याचं. मग पोटातलं, मग ड्युओडेनम, घशातून उतरणं सगळ्यात शेवटी. व्हिडिओमध्ये जे शब्द वापरलेत तेच खोलीत वापरा, ‘अप’, ‘राइट’, ‘क्लॉकवाइज’, ‘हवा दे’, ‘थांब’. ‘जरा इकडं घे की, तिकडं नको’ याला काही अर्थ नसतो आणि पेशंटही घाबरतो. एका वेळी एकच सूचना. ‘थांब’ म्हटलं की हात थांबला पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याचाच व्हिडिओ त्याला पाठवा, सोबत एकच प्रश्न, या मिनिटाला तू काय केलंस आणि दुसरं काय करता आलं असतं. केस झाल्या झाल्या पाच मुद्द्यांचा फॉर्म तुम्ही भरा आणि तोच फॉर्म त्यानंही स्वतःसाठी भरायचा. तुमच्या आणि त्याच्या मार्कांत जिथं मोठा फरक पडतो तिथला धडा परत उघडून द्या.

कोलोनोस्कोपीचा कोर्स यानंतर, घाई नको. त्यात पहिला धडा पोट साफ करण्याचा ठेवा, बोस्टन स्केलवर मोठ्या आतड्याच्या डाव्या, मधल्या, उजव्या भागाच्या सफाईला प्रत्येकी ० ते ३ मार्क, एकूण ९, यासाठी फोटोंची बँक सहज होते. दुसरा धडा परत येतानाचा, सीकमपासून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून) बाहेर येताना बघण्यासाठी किमान ६ मिनिटं, घड्याळ स्क्रीनवर दाखवत. लूपचं चित्र काढून समजवा, पण लूप सोडवायला मात्र त्याला तुमच्या शेजारीच उभं करायला लागणार.

दर तीन महिन्यांनी उत्तरांचा शीट उघडून बघा. जो प्रश्न सगळ्यांना येतो तो काढून टाका, जो कुणालाच येत नाही तो आधी स्वतः तपासा, बऱ्याचदा क्लिपच अंधुक असते किंवा प्रश्न नीट विचारलेला नसतो. आणि आधीच्या बॅचच्या पोरांना नवीन क्लिप निवडायला, प्रश्न काढायला बसवा. प्रश्न काढताना ती जेवढं शिकतात तेवढं सोडवतानाही शिकत नाहीत.